रिकाम्या घागरी आणि थोरली घायपात

एका राज्यात एक बातमी होती, आणि ती अर्धीच होती.

त्या राज्यात नदी नव्हती, तळं नव्हतं. जमीन सगळी खडकाची. पाऊस यायचा तो घाईतल्या पाहुण्यासारखा, उंबऱ्यावरूनच परत फिरायचा. तीन विहिरी होत्या, आणि त्या तीन विहिरींवर शंभर घरं जगत होती.

बातमी निघाली ती विहिरीवर. राजवाड्यातली एक म्हातारी दासी घागर भरता भरता सोबतिणीला म्हणाली, "थोरली घायपात फुलली, की मरण..." तेवढ्यात मागून शिपाई आला. दासीनं तोंड मिटलं, घागर कमरेवर घेतली आणि ती चालू लागली.

विहिरीच्या पलीकडच्या अंगाला ठकूमावशी घागर घासत बसली होती. मावशी मनानं लोण्यासारखी. कुणाचं पोर रडलं तर हिच्या घशाखाली घास उतरायचा नाही. पण तिला अर्धी भाकरी चालायची, अर्धी बातमी चालत नसे. घरी पोचेपर्यंत तिनं ती पुरी करून टाकली, "थोरली घायपात फुलली, की राजाला मरण." दिवस मावळेपर्यंत ती शंभर घरांत गेली, आणि दुसऱ्या दिवशी राजवाड्यात.

आता ही थोरली घायपात कोण, ते सांगायला हवं. राजाच्या आज्यानं ती लावली होती. पुरुषभर उंच, निळसर राखी पानांची, पानाच्या टोकाला दाभणासारखा काटा. तिच्या मुळाखाली जलमणी पुरलेला होता, आणि तिन्ही विहिरींचे झरे त्या मण्याशी बांधलेले होते. तो मणी ज्याच्या मुठीत, राज्यातलं पाणी त्याच्या मुठीत. म्हणून आज्यानं शपथ घालून ठेवली होती, की ही घायपात जिवंत असताना जो हिला तोडील किंवा हिच्याखालचा मणी काढील, त्याचा हात दगड होईल. घायपात काही मागत नसे. उलट द्यायची. तिची बाहेरची पानं कापून, ठेचून, वाख काढायचा आणि तो वळून विहिरीचे दोर करायचे. राज्यातला प्रत्येक पोहरा तिच्याच दोरावर खाली जायचा आणि भरून वर यायचा.

राजा हिरण्यसेनाच्या कानावर बातमी गेली. त्यानं मांत्रिकाला बोलावलं. मांत्रिकाचं नाव कंकाळ. कितीतरी वर्षं त्याचा डोळा त्या मण्यावर होता.

"झाड तोडू काय?" राजानं विचारलं.

"तोडाल तर हात दगड होईल."

"मग फुलू नये म्हणून काय करू?"

"पाणी घाला. पानं माजली की फूल धरत नाही. रोज शंभर घागरी घाला, घरटी एक."

राजानं दवंडी पिटली. शंभर घरांतल्या शंभर बायका रोज सकाळी आपल्या पिण्याच्या पाण्याची पहिली घागर घेऊन राजाच्या बागेत जाऊ लागल्या. कडेवरचं पोर पाण्याला रडतंय आणि आई पाणी चिखलात ओततेय. राजा सज्ज्यात बसून बघतोय. त्याच्या हातात वाळ्याचं सरबत. ही गोष्ट मी कितीदा सांगितली, पण इथं आले की माझी कानशिलं अजून तापतात.

बागेचा माळी गेनू. तो पहिल्याच दिवशी राजापुढं उभा राहिला.

"महाराज, बारा वर्षं मी हिच्याजवळ आहे. हिला पावसाचं पाणीसुद्धा जास्त होतं. मुळाशी पाणी साचलं तर ही बुडातून कुजेल. माणसांच्या तोंडचं काढून हिला घालाल, तर माणसंही मरतील आणि हीही."

"माझ्या जिवापेक्षा झाड मोठं काय?"

"झाड नाही, महाराज. शंभर घरं."

राजानं कंकाळाकडं बघितलं. बोलला तो कंकाळ. "पाण्याची एवढी काळजी आहे, तर पाण्यासाठीच उभा राहा." त्यानं चिमूटभर राख फुंकली आणि गेनूचा रांजण झाला. मातीचा, मोठ्या पोटाचा, रिकामा. तो बागेच्या दाराशी उभा राहिला.

गेनूची बायको हौसा दुपारची भाकरी घेऊन आली. तिनं रांजण बघितला. रांजणाच्या गळ्याशी गेनूचा पंचा होता. तिनं कंकाळाला विचारलं, "हा उठेल कधी?"

"घायपात फुलेल त्या दिवशी," कंकाळ हसून म्हणाला. "आणि हेही लक्षात ठेव, बाई. रिकामा रांजण उन्हात फार दिवस टिकत नाही."

हौसा रडली नाही. तिला राग आला. ओरडून ओसरणारा राग नव्हता तो. दात घट्ट मिटून भाकऱ्या थापायचा राग होता. वर्षभर ती रोज तिच्या वाटणीच्या पाण्यातला एक तांब्या त्या रांजणावर शिंपडत राहिली आणि स्वतः ओल्या फडक्यानं ओठ पुसत राहिली. विहिरी तळाला गेल्या. दोर कुजले, नवे वळायला धड पान उरलं नाही. घायपात माजली नाहीच. तिची खालची पानं पिवळी पडली, मग तपकिरी, मग बोट लावलं तर आत जाईल अशी मऊ. आणि एके दिवशी रांजणाला काठाशी तडा दिसला, केसाएवढा.

त्या दिवशी हौसा घायपातीशी जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "मर एकदाची, नाहीतर फूल. मधे लटकवू नकोस."

"तिला काय बोलतेस? तिनं पाणी मागितलं होतं काय?" कुणीतरी तिखट आवाजात म्हणालं.

ती एक टिटवी होती. कुंपणाच्या दगडावर एका पायावर उभी होती.

"माझी चार अंडी या खडीत होती. तुझ्या राजाच्या शंभर घागरींनी वाहून नेली," टिटवी म्हणाली. "राग तुला एकटीलाच येतो असं समजू नकोस."

"राजा माझा नाही. तुला काही ठाऊक असेल तर सांग, नाहीतर ओरडत बस."

"घायपात फुलवायची तर तीन कामं आहेत. पहिलं, पाणी थांबव. दुसरं, टेकडीवरचे बोलते दगड आणि मुरूम आण. तिसरं आत्ता सांगत नाही. ऐकलंस तर पहिली दोन करणार नाहीस."

हौसा विहिरीवर गेली. शंभर बायका जमल्या होत्या.

"उद्यापासून बागेत रिकाम्या घागरी न्यायच्या," ती म्हणाली.

"राजा सज्ज्यात बसून मोजतो की."

"घागरी मोजतो तो. पाणी कुठं मोजतो?"

ठकूमावशी म्हणाली, "अगं हौसे, रिकामी घागर डोक्यावर डुलते. भरली घागर मान धरते. शिपायांच्या आया पण घागरी वाहतात, ते ओळखतील."

मग त्या बायकांनी गल्लीत चालून बघितलं. मान ताठ, पाऊल जड, एक हात घागरीच्या काठाला, दर दहा पावलांवर एक सुस्कारा. ठकूमावशी तर कमरेत अशी वाकली की शेजारीण म्हणाली, "मावशी, विहीरच उचललीत काय?"

दुसऱ्या दिवसापासून शंभर रिकाम्या घागरी बागेत जाऊ लागल्या, वाकू लागल्या, परत येऊ लागल्या. राजानं शंभर मोजल्या आणि सरबत प्यायला. त्या दिवशी शंभर घरांत पोरं पोटभर पाणी प्याली. बागेतला चिखल महिनाभरात सुकला, त्याला भेगा पडल्या. पहिलं काम झालं.

दुसऱ्या कामाला त्या टोपल्या घेऊन टेकडीवर गेल्या. तिथले दगड बोलत असत. उचलणारीनं एक खरी गोष्ट सांगितल्याशिवाय ते जागचे हलत नसत.

"काय खरं सांगतेस?" हौसाच्या हाताखालचा दगड म्हणाला.

"मला राजाचा राग येतो," हौसा म्हणाली. दगड हलला नाही. तिनं ओठ चावला. "आणि माझ्या नवऱ्याचाही येतो. तोंड मिटून बसला असता तर आज घरी असता." दगड फुलासारखा उचलला गेला.

कुणी सांगितलं, सासूच्या वाटणीतला घोट मी चोरला. कुणी सांगितलं, शिपायाला बघून मी हसले. दगड उचलले गेले, टोपल्या भरल्या. ठकूमावशीनं मात्र एक सांगून बघितलं, दुसरं सांगून बघितलं, पाच सांगितली. दगड म्हणाला, "ही खरी आहेत. पण तुझ्या घशात अडकलंय ते हे नाही." मावशीनं दगड सोडला आणि म्हणाली, "माझी कंबर धरलीय, ग. मी दुसरीची टोपली धरते."

बागेच्या उताराच्या अंगाला दगड, खडी, मुरूम असा ढीग झाला. त्यावर पाणी ओतलं तर ते थांबायचं नाही, खाली पळायचं. टिटवीनं त्यावरून चालून बघितलं आणि म्हणाली, "आता तिसरं. घायपात उपटायची."

"हात दगड होईल माझा."

"तोडणाऱ्याचा होतो. वाचवणारीचा होत नाही. पानं दोरानं वर बांध, म्हणजे काटे डोळ्यांत जाणार नाहीत. बुडाशी खणून तिला उचल. खाली मणी दिसेल, त्याच्याकडं बघूही नकोस. कुजकं सगळं कापून टाक, पांढरं घट्ट लागेपर्यंत काप. जखमेला राख फास. सावलीत आडवी ठेव. आणि बारा दिवस..."

"बारा दिवस काय करू?"

"काही करायचं नाही. माती नको, पाणी नको, हात नको. जखम सुकू दे."

हौसा चिडून म्हणाली, "रांजणाचा तडा वीतभर झालाय. आणि तू सांगतेस काही करू नकोस."

"म्हणून तर आधी सांगितलं नाही," टिटवी म्हणाली.

राजा जेवून झोपला असताना, भर दुपारी, बायकांनी घायपात उपटली. गेनूनं वळलेल्या जुन्या दोरानं हौसानं पानं बांधली. तरी काटे लागले, दोन्ही हात कोपरापर्यंत सोलले. खड्ड्यात मणी निळा चमकत होता. तिनं पाठ फिरवली. कुजकी पानं तिनं खड्ड्याभोवती उभी रोवली, म्हणजे सज्ज्यातून बघणाऱ्याला झाड जागेवर दिसावं. उरलेला गड्डा कापून, राख लावून, माळ्याच्या खोपटात सावलीला ठेवला. त्याला एक मूळ उरलं नव्हतं.

एक दिवस गेला, चार गेले, आठ गेले. पानं सुरकुतली. रांजणाचा तडा कमरेपर्यंत उतरला. हौसा एका डोळ्यानं रांजण बघायची, एका डोळ्यानं घायपात, आणि हात पदरात घट्ट बांधून बसायची.

नवव्या दिवशी सकाळी ती खोपटात गेली तर राख ओली होती. गड्ड्याखाली थारोळं होतं. शेजारी ठकूमावशी बसली होती, मांडीवर रिकामा तांब्या.

"काय केलंत मावशी?"

"अगं, तहानलेली दिसली. मला बघवेना. माझ्या वाटणीचंच घातलं, तुझं नाही घेतलं."

"राजानं पाणी घातलं ते भीतीनं. तुम्ही घातलंत दयेनं. कूज दोन्हीनं तीच येते, मावशी. त्या दाराशी माझा नवरा तडकतोय, आणि तुम्ही पुण्य जोडताय."

"मला कळलं नाही, हौसे."

"कळत नाही तिथं हात लावू नये. बारा दिवस पुन्हा मोजायचे. तो तेवढे टिकला नाही तर त्याची खापरं तुमच्या दारात आणून टाकीन."

मावशीनं मान खाली घातली. हौसानं ओला भाग पुन्हा कापला, पुन्हा राख लावली, पुन्हा पहिल्यापासून दिवस धरले. त्या दिवसापासून मावशी रांजणाजवळ बसून राहिली. तिच्या वाटणीचा तांब्या ती आता रांजणावर शिंपडायची.

बाराव्या दिवशी सकाळी कंकाळ बागेत आला. खड्ड्याभोवतीची पानं गळून पडली होती. त्यानं खोपटात डोकावलं. मुळं नाहीत, माती नाही, ओल नाही, नुसता राखी गड्डा, वाळक्या लाकडासारखा. कंकाळाला शंभर मंत्र येत होते, पण त्यानं आयुष्यात एक रोप लावलं नव्हतं. "मेली," तो म्हणाला, आणि खड्ड्यात हात घालून त्यानं मणी धरला.

घायपात जिवंत होती. कंकाळाचा हात बोटांपासून खांद्यापर्यंत दगड झाला आणि दगडाच्या वजनानं तो खड्ड्याकाठी पालथा पडला.

त्याची किंकाळी ऐकून राजा धावत आला. मागून शिपाई, पुढून शंभर बायका. राजानं खड्डा बघितला, खोपट बघितलं, हौसाचे सोललेले हात बघितले.

"तू माझं मरण वाढवतेस," राजा म्हणाला.

"तुमचं मरण टाळायला तुम्ही वर्षभर आमचं वाढवलंत," हौसा म्हणाली. "माझा माणूस खरं बोलला, त्याची तुम्ही माती केलीत. पोरांच्या तोंडची घागर चिखलात ओतायला लावलीत. आणि सज्ज्यात बसून मोजत होतात. दोन महिने रिकाम्या मोजल्यात, महाराज. तेही कळलं नाही तुम्हाला."

शिपायांनी भाले उचलले. तेवढ्यात ठकूमावशी पुढं आली.

"महाराज, मारायचं तर मला मारा. ती बातमी माझी. दासी म्हणाली होती, थोरली घायपात फुलली, की मरण. तेवढंच मी ऐकलं. राजाला, हे मी घातलं. दासीचं बोलणं तिथं तुटलं, आणि मला तुटलेलं ठेवता येत नाही."

तिनं हे म्हटलं आणि लांब टेकडीवर एक दगड आपण होऊन घरंगळला.

"मग उरलेलं काय होतं?" राजानं विचारलं.

कुणालाच ठाऊक नव्हतं. म्हातारी दासी केव्हाच वारली होती. टिटवी कुंपणावरून म्हणाली, "झाड फुलू दे, म्हणजे कळेल. तोडायची असेल तर तोड. तो बघ तोडणाऱ्याचा सोबती."

राजानं कंकाळाच्या दगडी हाताकडं बघितलं आणि तो दोन पावलं मागं सरला. त्याच्या देखत हौसानं मण्यावर माती लोटली, आणि दगडमुरुमाच्या ढिगावर घायपात लावली. मुळाशी एक थेंब घातला नाही. दहा दिवसांनी एक ओंजळ घातली, तीही बाजूनं.

घायपातीनं महिनाभर काही केलं नाही. मग पानं टणक झाली. मग मधल्या पानांतून मुसळासारखा दांडा निघाला आणि दिवसाला हातभर वाढू लागला. रांजणाचा तडा आता बुडाच्या जवळ होता. दांडा वर चढत होता आणि तडा खाली उतरत होता, आणि हौसा दोहोंच्या मधे उभी होती.

तडा बुडापासून चार बोटांवर असताना, सकाळी, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, दांड्याच्या टोकाला पिवळी फुलं उघडली.

राजा पांढरं वस्त्र नेसून अंगणात आडवा झाला होता. डोळे मिटून वाट बघत होता. तो मेला नाही. पुष्कळांना वाटलं होतं की मरावा, ते मी लपवत नाही. दाराशी रांजण हलला, आणि रांजणाच्या जागी गेनू उभा राहिला. गळ्यात पंचा, खांद्यापासून पायापर्यंत पांढरा वळ. डावी टाच तेवढी मातीची राहिली. पहिले नऊ दिवस वाया गेले नसते तर ती टाचही सुटली असती. ठकूमावशीनं ती बघितली आणि पदर तोंडाला लावला.

"भाकरी आणलीस?" गेनूनं विचारलं.

"वर्षापूर्वी आणली होती," हौसा म्हणाली. "वाळली." आणि मग ती रडली.

फुलं महिनाभर राहिली. ती झडली तशी थोरली घायपात पानापानानं वाळत गेली आणि एके दिवशी दांड्यासकट आडवी झाली. तिला कुणी कापलं नव्हतं, कुणी बुडवलं नव्हतं. तिची ती मेली. बुडाशी तिची एकशे एक पिलं उगवली होती. तेव्हा टिटवी म्हणाली, "दासी हे सांगत होती. थोरली घायपात फुलली, की मरण तिलाच, आणि मरताना ती प्रत्येक दाराला एक लेक देऊन जाते." मरण यायचं ते आलं होतं. पण ज्याच्यासाठी वर्षभर विहिरी उपसल्या, त्याच्याकडं ते फिरकलंसुद्धा नव्हतं.

एक पिलू मण्याच्या जागी लावलं, बाकीची शंभर घरांच्या दाराशी. गेनू लंगडत दारोदार फिरला आणि प्रत्येकीला सांगत गेला, उतारावर लावा, खडी घाला, आणि दया आली तर घरात जाऊन बसा. कंकाळ खड्ड्याकाठीच राहिला. त्याच्या दगडी हातावर आता बायका वाख वाळत घालतात. विहिरी पावसाळ्यापावसाळ्यानं वर आल्या.

राजाला शंभर घरांनी एकच शिक्षा सांगितली. वर्षभर रोज सकाळी एका घरी एक भरली घागर, स्वतःच्या डोक्यावरून.

पहिल्या दिवशी तो ठकूमावशीच्या दारात आला. मावशी उंबऱ्यातच उभी होती. तिनं राजाकडं बघितलं, मग घागरीकडं बघितलं.

"डुलतेय, महाराज," ती म्हणाली. "खाली ठेवा. मी आत बघते, आणि मगच कुणाला सांगते."